पावती नंबर एकशे सतरा

जुमा. गाव दार-एस-सलाम. टेप गुंतली. वीस रुपये.
एवढंच आहे पावतीवर, इसरदासच्या तिरप्या अक्षरात,
आणि तारीख : सोळा मे, त्र्याण्णव.

इंदोऱ्यातलं दुकान म्हणजे एक खोली, एक कूलर.
इसरदास गजभिये दिवसा टेपरेकॉर्डर उघडायचा,
लग्नसराईत धुमालात ढोल वाजवायचा.
मी हाताखाली, बारावी नापास,
पेन्सिल खुपसून लोकांच्या कॅसेटी फिरवत बसलेला.

हिच्या कव्हरवर बँडांची नावं नव्हती.
निळ्या बॉलपेननं नुसती शहरं :
किंग्स्टन. बर्मिंगहॅम. आबिजान. ऑकलंड.
रेगे हा शब्द तेव्हा मी 'रांगे' असा वाचला.

चुरगळलेला वीतभर तुकडा कापला, टोकं जोडली.
तेव्हापासून बर्मिंगहॅमचा गायक
अर्ध्या शब्दावरून पाय उचलतो
आणि आबिजानात ठेवतो.

लावली, तर पहिली मात्रा आलीच नाही.
इसरदासनं परत फिरवली. परत नाही.
"एकवर कोनीच नाही बे," तो म्हणाला,
"जागा सोडली यांनी. कोनासाठी?"
आमच्या धुमालात एकवर सगळे तुटून पडतात,
पंगतीत पहिल्या बुंदीवर पडावं तसे.

दुपारी बाहेर सेहेचाळीस, गल्लीत कुत्रंही नाही,
वाळ्याचा ओला वास, कूलरची मोटर एका सुरात,
आणि त्या सुरात किंग्स्टनचा बेसवाला असा मिसळायचा
की वीज गेली की वाटे तोच उठून गेला.
इसरदासनं त्याला नाव ठेवलं, बुढा.
ऑकलंडचा गिटारवाला झाला कात्री :
शिंप्यासारखा, कापड सरकलं की छक्.
आबिजानच्या मागे गाणाऱ्या तीन बाया, त्या तिघी जावा.
"भांडल्या आज," म्हणायचा कधी कधी. टेप तीच असायची.

मग पाचपावलीत, शेंड्यांच्या वरातीत,
त्यानं एकवर टिपरू हवेतच धरलं.
नाचणाऱ्यांचे पाय खाली आले
आणि खाली काही नव्हतं,
अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघावी तसं.
नवरदेवाचा काका ओरडला, "ढोल फुटला काय बे?"

पण कडेनं चालत होत्या झुंबरवाल्या बाया,
डोक्यावर ट्यूबलाइटचं ओझं,
एकमेकींना वायरीनं बांधलेल्या, मागे जनरेटरचा हातगाडा.
ओझं असलं की पाऊल आपटता येत नाही,
आधी गुडघा वाकतो, मग भार उतरतो.
ढोल नेमका त्या वाकण्यावर पडू लागला.
पहिली हलली, तिच्या वायरीनं दुसरी,
मग सगळी रांग, उजेडासकट.
त्यांना कोणी आजवर नाचा म्हटलं नव्हतं.
त्या रात्रीही म्हटलं नाही.
बिदागीतले दीडशे कापले काकानं.

जुमा आला नाही.
मी त्याच्या कॉलेजच्या फाटकापर्यंत दोनदा जाऊन आलो.
चौकीदार म्हणाला, ते पोरं तर गेले न भाऊ, परीक्षा झाली.

तीस उन्हाळे टेपनं पत्र्याखाली काढले.
ताणली ती. आता सगळे अर्धा सूर खाली गातात,
तिघी जावा पुरुषांसारख्या.
परवा माझ्या मुलीनं फोन धरला समोर,
आत्ता सांगतो म्हणे, बँड कुठला ते.
फोन गोल गोल फिरला, म्हणाला, सापडलं नाही.
कसं सापडणार? ते तिकडचे राहिलेत कुठे.

इसरदासचे दोन्ही कान ढोलानं नेले.
रविवारी येतो, पाणी पितो,
स्पीकरच्या बॉक्सवर तळवा पसरून बसतो.
मी बटण दाबतो. तो मान हलवत नाही, काही नाही.
मग केव्हातरी, माझ्याकडे न बघता :
"बुढा आला."